डेस्कटॉपला पर्याय म्हणून मोठ्या स्क्रीनचा ताकदवान लॅपटॉप: १६ इंची घ्यावा की १८ इंची?

चिरेबंदी (फोंडा)
सोमवार, सकाळी १०.१२

नमस्कार. फोंड्यात माझे वास्तुरचनेचे छोटे कार्यालय आहे. जुन्या घरांची मोजणी करून नकाशे तयार करणे, दुरुस्तीचे आराखडे काढणे आणि काम पूर्ण झाल्यावर घर कसे दिसेल हे घरमालकाला त्रिमितीय चित्रांतून दाखवणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. ऑटोकॅड आणि रेव्हिट या आराखडे काढण्याच्या प्रणाली रोज उघड्या असतात. चित्रांसाठी लुमियन वापरते.

हे सगळे आजवर एका डेस्कटॉपवर चालत आले. त्याचा प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीतला असल्यामुळे तो विंडोज ११ साठी पात्र ठरत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वाढीव सुरक्षा-सुधारणांसाठी नोंदणी करून मी वेळ मिळवला आहे, पण ती सोयही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे.

नवा डेस्कटॉप घेतला असता, परंतु कामे आता पणजी, मडगाव आणि काणकोणपर्यंत पसरली आहेत. घरमालकासमोर बसून भिंत हलवून दाखवता आली, तर जो निर्णय एरवी आठवडाभर लांबतो तो तिथल्या तिथे होतो. म्हणून एकच ताकदवान लॅपटॉप घ्यावा असा विचार आहे. कर धरून सव्वादोन लाखांपर्यंत खर्चाची तयारी आहे.

१८ इंची स्क्रीन घेतली तर वेगळ्या मॉनिटरची गरज उरणार नाही ना? तासन् तास रेंडर, म्हणजे आराखड्यावरून त्रिमितीय चित्र तयार करण्याचे जड काम, चालू ठेवले तर लॅपटॉप ते सोसेल का? आणि आपल्या पावसाळ्यात, दमट हवेत आणि विजेच्या लपंडावात असे यंत्र कसे टिकते? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

म्हादई (वाळपई)
सोमवार, सकाळी १०.४०

चिरेबंदीताई, उत्तर देण्याआधी थोडी माहिती हवी आहे. सध्याचा मॉनिटर किती इंचांचा आहे? आपल्या सर्वांत जड फाइलवर काम करताना टास्क मॅनेजरमध्ये रॅम आणि ग्राफिक्स मेमरी (ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी) किती भरलेली दिसते? आणि आठवड्यातला किती वेळ यंत्र खरोखर कार्यालयाबाहेर असेल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण मोठ्या लॅपटॉपची किंमत आपण त्याच्या हलवण्याजोगेपणासाठी मोजत असतो.

तिसवाडी (पणजी)
सोमवार, सकाळी ११.०५

मी नाटकांचे आणि भजनी मंडळांचे चित्रीकरण करून त्याचे संपादन करतो. १८ इंची लॅपटॉप वापरतो आणि पूर्ण समाधानी आहे. जिथे टेबल मिळेल तिथे माझे कार्यालय तयार होते. स्क्रीन एवढी मोठी आहे की खालच्या टाइमलाइनच्या पट्ट्या आणि वरचे चित्र दोन्ही एका वेळी नीट दिसते. मोठ्या सांगाड्यात पंख्यांना जागा जास्त मिळते, त्यामुळे यंत्र लवकर दमत नाही. माझे मत स्पष्टपणे १८ इंचीच्या बाजूने आहे.

कदंबवासी (म्हापसा)
सोमवार, सकाळी ११.२०

तिसवाडी, आपण चारचाकीने फिरता, हे येथील वाचकांना सांगणे आवश्यक आहे. १८ इंची यंत्र तीन ते साडेतीन किलोंचे असते, काही त्याहूनही जड असतात. बरोबरचा चार्जर आणखी किलोभराचा. म्हापसा ते पणजी बसमध्ये उभ्याने जाताना हे ओझे खांद्यावर घेणारा माणूस काही आठवड्यांतच ते घरी ठेवू लागतो.

चिरेबंदी (फोंडा)
सोमवार, दुपारी १२.३०

सर्वांचे आभार. म्हादई, मॉनिटर २४ इंची, १९२० बाय १०८० चा आहे. रॅम १६ जीबी असून रेव्हिट आणि लुमियन एकदम उघडले की ती पूर्ण भरते. ग्राफिक्स मेमरी ६ जीबी आहे. बागेतली झाडे आणि कौलारू छपरे असलेले मोठे दृश्य उघडले की तीही संपते आणि चित्र अडखळू लागते. कार्यालयाबाहेरचे काम आठवड्याचे दोन दिवस असते, क्वचित तीन. प्रवास बहुधा माझ्या गाडीने होतो, पण पावसाळ्यात गाडीपासून जुन्या घराच्या ओसरीपर्यंत चालावे लागते, आणि ती वाट कधी कधी बरीच लांब असते.

जुना_जाणकार (मडगाव)
सोमवार, दुपारी ३.१५

संगणक दुरुस्तीच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली, त्या अधिकाराने थोडे विस्ताराने लिहितो.

लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाचे नाव आणि डेस्कटॉपमधील कार्डाचे नाव सारखे असले, तरी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उदाहरणार्थ, डेस्कटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये १२ जीबी मेमरी आहे आणि ते २५० वॅटपर्यंत वीज घेते. लॅपटॉपच्या आरटीएक्स ५०७० मध्ये ८ जीबी मेमरी असून त्याची मूळ मर्यादा लॅपटॉपच्या रचनेप्रमाणे ५० ते १०० वॅटच्या दरम्यान ठरवलेली असते. म्हणजे एकाच नावाचे कार्ड असलेले दोन लॅपटॉपसुद्धा सारखे नसतात. एका पातळ, देखण्या यंत्रात त्याला ६० वॅट मिळत असतील आणि शेजारच्या जाड यंत्रात १०० वॅट, तर रेंडरच्या वेळेत ठळक फरक पडतो. दुकानातील पाटीवर हा आकडा लिहिलेला नसतो. कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राफिक्स पॉवर या नावाखाली तो बहुधा सापडतो, आणि सापडला नाही तर ते यंत्र मी तरी ग्राहकाला सुचवत नाही.

आपल्या कामासाठी मेमरीचा आकडा त्याहून महत्त्वाचा आहे. लॅपटॉपच्या ५०६० आणि ५०७० या दोन्हींत ८ जीबीच आहे. १२ जीबी हवी असेल तर ५०७० टीआय, आणि १६ जीबीसाठी ५०८० घ्यावे लागते. आपले दृश्य ६ जीबीत आजच मावत नाही. ८ जीबी घेतली तर दोन वर्षांत आपण पुन्हा याच ठिकाणी याल. त्यामुळे ५०७० साठी जादा पैसे मोजण्यापेक्षा थोडी आणखी तजवीज करून ५०७० टीआय घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रोसेसरच्या नावातील शेवटची अक्षरेही वाचावीत. यू म्हणजे कमी विजेचे, हलक्या कामाचे. एच म्हणजे जास्त ताकदीचे. आणि एचएक्स म्हणजे मूळ डेस्कटॉपचीच चिप लॅपटॉपसाठी बसवलेली. इंटेलच्या कोअर आय ९-१४९००एचएक्स मध्ये २४ कोअर आहेत. त्याची मूळ पातळी ५५ वॅटची असली तरी जोर लावताना तो १५७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एवढी उष्णता छोट्या पेटीतून बाहेर काढायची म्हणजे पंख्यांचा आवाज येणारच. तिसवाडी म्हणतात ते या बाबतीत खरे आहे: मोठा सांगाडा थंड राहतो. मात्र १६ इंचीतही जाड बांध्याची चांगली यंत्रे मिळतात, तेव्हा इंचांवरून थंडपणा ठरवू नये.

तिसवाडी (पणजी)
सोमवार, दुपारी ३.४०

जाणकारसाहेब, मेमरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. माझ्या क्षेत्रात ८ जीबीवर भागते, वास्तुरचनेत भागणार नाही.

निळी_खिडकी (पर्वरी)
सोमवार, सायंकाळी ६.०५

मी आराखडे काढण्याचेच काम करते, त्यामुळे स्क्रीनविषयी लिहिते, कारण इंचांचा आकडा फसवा असतो.

इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप. पूर्वीचे १७.३ इंची लॅपटॉप रुंदी-उंचीच्या १६:९ प्रमाणाचे असत आणि आताचे १६ इंची बहुतेक १६:१० प्रमाणाचे असतात. गणित करून पाहिले तर दोन्हींची उंची जवळजवळ सारखीच, साडेएकवीस सेंटिमीटर भरते, जुन्या १७.३ इंचीत केवळ रुंदी सुमारे चार सेंटिमीटर जास्त होती. १८ इंची, १६:१० स्क्रीनची उंची सुमारे सव्वाचोवीस सेंटिमीटर आहे. आता आपला २४ इंची मॉनिटर घ्या: उंची जवळजवळ तीस सेंटिमीटर आणि रुंदी त्रेपन्न. म्हणजे १८ इंची लॅपटॉप घेतला तरी आपण आजच्यापेक्षा बऱ्याच लहान स्क्रीनवर येणार आहात.

यावर विक्रेते सांगतात की रिझोल्यूशन जास्त आहे, म्हणून जागा जास्त मिळेल. ते अर्धेच खरे आहे. २५६० बाय १६०० चा १६ इंची पॅनेल असेल तर अक्षरे इतकी बारीक दिसतात की विंडोजमध्ये अक्षरे-चिन्हांचे मोजमाप (स्केलिंग) १५० टक्के ठेवावे लागते, आणि मग टूलबार, खिडक्या आणि याद्यांसाठी हाती उरणारी जागा सुमारे १७०७ बाय १०६७ एवढीच असते. आपल्या सध्याच्या मॉनिटरपेक्षा ती कमी आहे. १८ इंचीवर १२५ टक्के चालत असेल तर २०४८ बाय १२८० मिळते, हा त्याचा खरा लाभ. रेषा मात्र दोन्हींवर अतिशय स्वच्छ दिसतात. पातळ रेषांचा जिना किंवा खिडकीचा तपशील पाहताना डोळ्यांना जो आराम मिळतो, तो जुन्या मॉनिटरवर मिळत नाही.

शेवटचा मुद्दा मानेचा. लॅपटॉपची स्क्रीन कीबोर्डला जोडलेली असल्यामुळे ती नेहमीच डोळ्यांच्या पातळीखाली राहते. दिवसभर आराखडे काढणाऱ्या व्यक्तीने कार्यालयात वेगळा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस वापरलाच पाहिजे, मग लॅपटॉप १६ इंची असो वा १८. आणि तो मॉनिटर असणारच असेल, तर १८ इंचीचा जादा भार फक्त बाहेरच्या दोन दिवसांसाठी उचलायचा का, हे आपण ठरवावे.

म्हादई (वाळपई)
सोमवार, सायंकाळी ६.२०

हा प्रतिसाद जपून ठेवण्याजोगा आहे. १५० टक्क्यांचे गणित मी एवढे स्पष्ट कुठे वाचले नव्हते.

दूधसागर (कुळे)
सोमवार, रात्री ८.५०

मॅकबुक प्रो १६ चा विचार केला का? आवाज नाही, बॅटरी दिवसभर टिकते, आणि चार्जर जोडलेला नसतानाही वेग तेवढाच राहतो. उन्हातही स्क्रीन बऱ्यापैकी दिसते.

चिरेबंदी (फोंडा)
सोमवार, रात्री ९.१०

दूधसागर, यंत्र म्हणून मला ते फार आवडते. पण रेव्हिट आणि लुमियन या दोन्ही प्रणाली विंडोजवरच चालतात. ऑटोकॅड मॅकवर मिळते, मात्र माझे तेवढ्याने भागत नाही.

दूधसागर (कुळे)
सोमवार, रात्री ९.१८

मग माझी सूचना मागे घेतो. ॲपलच्या स्वतःच्या चिप आल्यापासून त्यावर पूर्वीसारखे बूट कॅम्पने विंडोज बसवताही येत नाही, त्यामुळे तो मार्गही बंद आहे. बॅटरीचा मुद्दा मात्र मनात ठेवावा. मोठ्या विंडोज लॅपटॉपची ताकद भिंतीतल्या विजेवर अवलंबून असते.

माडाच्या_सावलीत (काणकोण)
मंगळवार, सकाळी ७.४५

मी येथे वेगळा विचार मांडतो. सव्वादोन लाखांत उत्तम डेस्कटॉप जुळवता येतो आणि वर एक साधा, हलका लॅपटॉपही येतो. डेस्कटॉपच्या कार्डाला पूर्ण वीज मिळते, ते थंड राहते आणि चार वर्षांनी एकटे कार्ड बदलता येते. लॅपटॉपचे कार्ड मदरबोर्डवर कायमचे बसवलेले असते. हमीची मुदत संपल्यावर ते बिघडले तर दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतो. बाहेर असताना हलक्या लॅपटॉपवरून कार्यालयातील डेस्कटॉप इंटरनेटद्वारे चालवावा. मी काही काळ अशाच पद्धतीने काम करतो आहे आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते.

चिरेबंदी (फोंडा)
मंगळवार, सकाळी ९.३०

आपला मुद्दा वजनदार आहे आणि खर्चाच्या दृष्टीने कदाचित तोच बरोबर ठरेल. माझ्यापुरत्या दोन अडचणी आहेत. ज्या जुन्या घरांत मी जाते तिथे भिंती एवढ्या जाड असतात की आत मोबाइलला रेंज मिळत नाही. सांगे आणि केप्याच्या आतल्या भागात तर रस्त्यावरही मिळत नाही. दुसरे म्हणजे फोंड्यात पावसाळ्यात वीज गेली की कार्यालयातला डेस्कटॉप बंद होणार आणि मी काणकोणला घरमालकासमोर काळी स्क्रीन घेऊन बसणार. ज्या गोष्टीवर समोरच्या माणसाचा विश्वास बसायचा आहे, ती तारेच्या दुसऱ्या टोकाला ठेवण्याचे धैर्य मला होत नाही.

माडाच्या_सावलीत (काणकोण)
मंगळवार, सकाळी १०.००

रेंजचा मुद्दा मान्य करावाच लागेल. माझी कामे गावाच्या मध्यभागीच असतात, त्यामुळे मला तो अनुभव आला नाही. दुरुस्तीच्या खर्चाबाबतचा इशारा मात्र मी कायम ठेवतो: तीन वर्षांची हमी घेतल्याशिवाय असा लॅपटॉप घेऊ नये.

जुना_जाणकार (मडगाव)
मंगळवार, सकाळी ११.२५

आता विजेविषयी. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस असतो, हा आपल्याकडे फार मोठा लाभ आहे. दिवे क्षणभर मिणमिणले तरी डेस्कटॉप बंद पडतो आणि न साठवलेले काम जाते. लॅपटॉपला ते जाणवतही नाही. परंतु बॅटरीवर रेंडर करण्याची अपेक्षा ठेवू नये. विमानप्रवासात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येत असल्यामुळे मोठ्या लॅपटॉपांतही ती साधारण ९९ वॅट-तासांवर थांबते. रेंडर करताना यंत्र अडीचशे वॅट घेत असेल, तर ही साठवण कागदावर पंचवीस मिनिटेही पुरत नाही. प्रत्यक्षात बॅटरीतून एवढा विद्युतप्रवाह घेताच येत नाही म्हणून यंत्र स्वतःच वेग बराच खाली आणते. आराखडा उघडून फिरवून दाखवणे बॅटरीवर होईल, लुमियनचे जड दृश्य चार्जर लावूनच चालवावे.

अशा यंत्रांचे चार्जर २३० ते ३३० वॅटचे असतात आणि त्यांना अर्थिंगची तिसरी पिन असते. जुन्या घरांतील सॉकेटला अर्थिंग नसणे हे मी नेहमी पाहतो. पत्र्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बांध्याच्या लॅपटॉपवर हात ठेवला की मुंग्या येतात ते याचमुळे. सर्ज संरक्षण असलेली चांगली पट्टी अवश्य घ्यावी, पण तिचेही संरक्षण अर्थिंगवर अवलंबून असते, म्हणून कार्यालयातील अर्थिंग एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. विजा कडाडू लागल्या की चार्जर आणि नेटवर्कची तार दोन्ही काढून ठेवावीत. पट्टीवर विसंबून राहू नये. कार्यालयातील इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्वस्त चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर हे मोठे चार्जर गुणगुणतात आणि तापतात. छोटा यूपीएस मॉनिटर आणि राउटरसाठी ठेवावा.

रोज चार्जर लावलेल्या यंत्राची बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहते, आणि अशीच बॅटरी पुढे फुगते. जवळजवळ सर्व कंपन्यांच्या लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर किंवा त्याखाली थांबवण्याची सोय असते. पहिल्याच दिवशी ती चालू करावी आणि बाहेर जाण्याच्या आदल्या रात्री काढावी.

निळी_खिडकी (पर्वरी)
मंगळवार, दुपारी १२.१०

दमट हवेविषयी एक भर घालते. एसीच्या खोलीतून थंडगार लॅपटॉप एकदम बाहेरच्या दमट हवेत उघडला, तर त्याच्या अंगावर, आणि आतही, बाष्प जमते. चष्म्यावर जमते तसेच. कार्यालयातून निघताना तो बंद करून बॅगेत ठेवावा आणि पोहोचल्यावर थोडा वेळ बॅगेतच राहू द्यावा. झोपवून ठेवलेला, म्हणजे स्लीपमधला लॅपटॉप बॅगेत टाकू नये. तो आतल्या आत जागा होऊन तापतो.

जुना_जाणकार (मडगाव)
मंगळवार, दुपारी १२.२५

अगदी योग्य. समुद्राजवळच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांत पोर्ट आणि पंख्याच्या आसांवर हिरवट गंज दिसतो, तर खाणपट्ट्यातील यंत्रांत पंख्याच्या जाळीवर तांबड्या धुळीचा थर असतो. दोन्हींवर उपाय एकच: वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, उघडून साफ करून घेणे. रोज वापरले जाणारे यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते. पावसाळाभर कपाटात बंद ठेवलेले यंत्र लवकर बिघडते.

शेवंती (डिचोली)
मंगळवार, दुपारी २.५०

हिशेबाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहिते. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी असतो. आपली नोंदणी असेल तर बिलावर कार्यालयाचे नाव आणि जीएसटी क्रमांक घालून घ्यावा, म्हणजे त्या कराचे क्रेडिट मिळू शकते आणि आपली सव्वादोन लाखांची मर्यादा प्रत्यक्षात वर सरकते. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, परंतु आपण व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीने विवरणपत्र भरत असाल तर तो वेगळा दाखवता येत नाही. कराचे क्रेडिट घेतल्यास तेवढी रक्कम वगळून घसारा मोजावा लागतो. आपल्या सीएला खरेदीपूर्वी एक फोन करावा.

चिरेबंदी (फोंडा)
मंगळवार, दुपारी ३.१५

शेवंती, मनापासून आभार. नोंदणी आहे, आणि हे माझ्या लक्षातच आले नव्हते. या हिशेबाने ५०७० टीआय आवाक्यात येते.

म्हादई (वाळपई)
मंगळवार, सायंकाळी ५.३०

रॅमबद्दल. एरवी मी सर्वांना सांगतो की १६ जीबीचे यंत्र घ्या आणि पुढे स्वतः वाढवा. सध्या तसे सांगणार नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे सुटी रॅम नंतर घेणे महाग पडू शकते. ३२ जीबी बसवूनच घ्यावी. ती दोन पट्ट्यांत आहे का, हेही विचारावे; एकाच पट्टीत असेल तर दुसरा मार्ग रिकामा राहतो आणि प्रोसेसरला मेमरीकडून मिळणारा वेग घटतो. रॅम मदरबोर्डवर कायमची बसवलेली असेल तर पुढे वाढवण्याचा मार्गच उरत नाही. फाइली साठवणाऱ्या एसएसडीसाठी एम.२ ची (ती बसवण्याच्या खाचेची) दुसरी जागा रिकामी असलेले यंत्र पाहावे. आपल्या मोजणीची छायाचित्रे जागा भराभर खातील.

बाहेरच्या मॉनिटरसाठी एक सूचना: प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर येतेच असे नाही. माहितीपत्रकात त्या पोर्टसमोर डिस्प्लेपोर्ट किंवा थंडरबोल्ट असे लिहिलेले असले पाहिजे. आणि एकाच तारेतून मॉनिटरही चालेल व लॅपटॉपही चार्ज होईल, ही सोय हलक्या यंत्रांसाठी ठीक आहे. तशा मॉनिटरांतून मिळणारी वीज बहुधा १०० वॅटच्या आतच असते, त्यामुळे आपल्याला स्वतंत्र चार्जर लावावाच लागेल.

तिसवाडी (पणजी)
मंगळवार, सायंकाळी ६.१५

मी अजूनही १८ इंचीसाठी बोलतो आहे. ताईंचे खरे काम घरमालकाला पटवण्याचे आहे. टेबलाभोवती घरातली चार माणसे उभी असतात, त्यांत आजीही असते. तिला १६ इंचीवर आपल्या घराची माडी ओळखता आली पाहिजे ना? तिथे दोन इंचांचा फरक मोठा असतो.

निळी_खिडकी (पर्वरी)
मंगळवार, सायंकाळी ६.४०

तिसवाडी, हा या धाग्यावरचा १८ इंचीच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा आहे. पण गोव्यातल्या बहुतेक घरांत दिवाणखान्यात टीव्ही असतो. एक लांब एचडीएमआय तार बॅगेत ठेवली की आजीला आपले घर ४३ इंचीवर दिसेल.

तिसवाडी (पणजी)
मंगळवार, सायंकाळी ६.५२

यावर माझ्याकडे उत्तर नाही. आजी टीव्हीवरच खूश होईल.

कदंबवासी (म्हापसा)
मंगळवार, सायंकाळी ७.२०

ओसरीवर किंवा अंगणात बसून काम करायचे असेल तर स्क्रीनच्या उजळपणाचा आकडा पाहावा. २५० ते ३०० निटांची स्क्रीन दिवसाच्या उजेडात काळवंडते. ५०० च्या आसपास असेल आणि पृष्ठभाग चकचकीत नसेल तर सावलीत बसून काम होते. थेट उन्हात कुठलाच लॅपटॉप वापरू नये.

निळी_खिडकी (पर्वरी)
मंगळवार, सायंकाळी ७.४५

सहमत. रंगांसाठी एसआरजीबी (स्क्रीन किती रंग दाखवते याचे माप) जवळजवळ १०० टक्के लिहिलेले असावे. काही यंत्रांत महागड्या कार्डासोबत ४५ टक्के एनटीएससीची (हे रंगांचेच दुसरे माप) फिकी स्क्रीन देतात; त्यावर चिऱ्याचा तांबडा रंग विटकरी दिसतो आणि ग्राहकाला दाखवलेला रंग भिंतीवर वेगळाच उतरतो. ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनचे रंग सुंदर असतात, पण ऑटोकॅडचे टूलबार दिवसभर एकाच जागी राहतात आणि अशा स्थिर चित्राचा ठसा काही काळाने ओएलईडीवर उमटू शकतो. आपल्या कामासाठी मी चांगली आयपीएस प्रकारची स्क्रीनच निवडेन. उजवीकडचा अंकांचा कीबोर्डही पाहून घ्यावा, कारण मापे टाकणाऱ्याला तो हवाच. काही १६ इंची यंत्रांत तो नसतो.

माडाच्या_सावलीत (काणकोण)
मंगळवार, रात्री ९.०५

हमीबद्दल पुन्हा लिहितो, कारण येथे गोव्याचा अनुभव मुंबई-पुण्यासारखा नाही. घरी येऊन दुरुस्ती, असे कागदावर लिहिलेले असते, परंतु ती सेवा आपल्या पिनकोडवर मिळते की नाही हे आधी लेखी विचारून घ्यावे. माझ्या ओळखीच्या एका छायाचित्रकाराचा लॅपटॉप चवथीच्या तोंडावर बंद पडला; तंत्रज्ञ आला, पण सुटा भाग गोव्याबाहेरून यायचा होता आणि सणाचा सगळा हंगाम त्याच्या हातून गेला. म्हणून एकच यंत्र असलेल्याने ते नसताना काम कसे चालेल याची तरतूद ठेवलीच पाहिजे.

जुना_जाणकार (मडगाव)
मंगळवार, रात्री ९.३०

ती तरतूद ताईंच्या हाताशी आहे. जुना डेस्कटॉप विकून हाती फारसे काही येणार नाही. त्यावर लिनक्स बसवावे, त्यात एक मोठी हार्ड डिस्क घालावी आणि तो कार्यालयातल्या कोपऱ्यात फाइलींची प्रत ठेवण्यासाठी चालू द्यावा. तिसरी प्रत घरी किंवा क्लाउडवर असावी, कारण पाणी शिरले किंवा वीज पडली तर एका खोलीतल्या दोन्ही प्रती जातात. विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद असते. तिची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. मदरबोर्ड बदलला तर ती विचारली जाते, आणि नसेल तर आतला डेटा कुणालाही काढता येत नाही.

चिरेबंदी (फोंडा)
बुधवार, सकाळी १०.२०

दोन दिवसांत येथे जे शिकायला मिळाले, ते एखाद्या दुकानात मिळाले नसते. सर्वांचे म्हणणे जुळवून मी असे ठरवले आहे: जाड बांध्याचा १६ इंची लॅपटॉप, एचएक्स प्रोसेसर, १२ जीबी मेमरीचे ५०७० टीआय, ३२ जीबी रॅम दोन पट्ट्यांत आणि ५०० निटांची आयपीएस स्क्रीन. कार्यालयात सध्या जुनाच २४ इंची मॉनिटर. पुढच्या वर्षी २७ इंची, २५६० बाय १४४० चा घेईन. तीन वर्षांची हमी आधी फोंड्याच्या पिनकोडवर तपासून घेणार आहे.

दोन प्रश्न राहिले. दुकानदार यंत्र चालू करून पाहू देणार आहे. तासाभरात नेमके काय तपासावे? आणि अशा यंत्रासाठी पावसात टिकणारी बॅग कुठली पाहावी?

जुना_जाणकार (मडगाव)
बुधवार, सकाळी ११.००

आपलेच एक जड दृश्य पेनड्राइव्हवर न्यावे. दुकानात लुमियन नसेल तर ब्लेंडर ही त्रिमितीय चित्रांची प्रणाली मोफत आहे, त्यावर एखादे मोठे रेंडर लावून अर्धा तास चालू ठेवावे आणि पहिल्या पाच मिनिटांतील व शेवटच्या पाच मिनिटांतील वॅट आणि तापमान शेजारी एचडब्ल्यूइन्फो (हे आकडे दाखवणारी छोटी प्रणाली) उघडून पाहावे. सुरुवातीला मोठा आकडा दाखवून नंतर निम्म्यावर येणारे यंत्र घेऊ नये. थोडे खाली येऊन स्थिर राहणारे घ्यावे. हे दुकानाच्या एसीत चालले आहे, हे ध्यानात ठेवून मे महिन्यातील आपल्या कार्यालयाचे तापमान त्यात धरावे. तेवढ्या वेळात हात कीबोर्डवर ठेवून तो किती तापतो तेही पाहावे. स्क्रीनवर पूर्ण काळे आणि पूर्ण पांढरे चित्र लावून मेलेले ठिपके आणि कडेने गळणारा उजेड तपासावा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून पाहावे. बिल करताना यंत्राचा सिरीयल क्रमांक पेटीवरील क्रमांकाशी जुळवावा.

कदंबवासी (म्हापसा)
बुधवार, सकाळी ११.३५

बॅगेचे मी सांगतो. १५.६ इंची लिहिलेल्या बॅगेत जाड बांध्याचा १६ इंची लॅपटॉप कधी कधी बसत नाही, म्हणून लॅपटॉपची लांबी-रुंदी लिहून घेऊन बॅगेच्या आतल्या कप्प्याचे माप जुळवावे. कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन-तीन बोटे वर असावा, म्हणजे ओल्या ओटीवर बॅग टेकवली तरी पाणी यंत्रापर्यंत जात नाही. पाणी न शोषणारे कापड म्हणजे जलरोधक नव्हे. चेनच्या शिवणीतून पाणी शिरतेच, त्यामुळे वरून घालायचे वेगळे आच्छादन घ्यावे आणि आत लॅपटॉप एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा. चार्जरसाठी वेगळा कप्पा हवा, नाहीतर त्याचे वजन स्क्रीनच्या पाठीवर येते. फोंड्याच्या बाजारात अशा बॅगा मिळतात. लॅपटॉप घेतल्यावर तो बरोबर घेऊन जावे आणि प्रत्यक्ष घालून पाहावे.